डाव्या बाजूचं मागचं दार

“पण भंतेजी, चारही बदलून टाकल्या तर बिघडते काय?”

शालिक डोंगरेने हे पुन्हा विचारलं. गाडीच्या बॉनेटवर पुठ्ठ्याचा खोका होता. खोक्यात दारांच्या लॉकच्या चार कोऱ्या मोटरा होत्या.

विमलबोधी भंते विहाराच्या पायरीवर बसून चिवराची उसवलेली कड शिवत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दारं उघडत नाहीत का?”

“उघडते जी. पण उशिरा.”

“मग उशिरा उतरू.”

शालिक हसला. मग त्याच्या लक्षात आलं की भंते हसलेले नाहीत.

विहार वैनगंगेच्या काठी, गावापासून जरा सुटा. गाडी जुनी. नागपूरच्या एका उपासकाने स्वतःला नवी घेतली तेव्हा ही विहाराला दान दिली होती. इंजिन अजून ठणठणीत होतं. खोड होती ती दारांना. चालकाच्या हाताशी एक बटण होतं. ते दाबलं की चारही दारांची लॉकं एका दमात उघडावीत, अशी सोय. पण वयाबरोबर ती सोय आळसावली होती. एक दार कण्हत उघडायचं, दुसरं मनात आलं तर. आणि डाव्या बाजूचं मागचं, जिथे भंते बसत, ते सगळ्यांच्या शेवटी. आतून घरघर यायची... थांबायची... मग केव्हातरी टक.

भंते तेवढा वेळ मांडीवर हात ठेवून बसून राहत.

शालिकला ते बघवत नसे. तो बटण पुन्हा दाबायचा, मग पुन्हा. त्यामुळे दार आणखीच अडायचं. अर्धवट उघडलेलं लॉक दुसऱ्या दाबाला परत मिटायला निघायचं. हे त्याला ठाऊक होतं. तरी त्याचं बोट थांबत नसे.

भंडाऱ्याला त्याचं गाड्यांच्या वायरिंगचं दुकान होतं. हात चपळ, जीभ त्याहून चपळ. गिऱ्हाईक “आवाज येतो” म्हणेपर्यंत कुठला आवाज, कुठून आणि का, हे तो सांगून मोकळा व्हायचा. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. विहाराची गाडी तो दान म्हणून सांभाळत असे, आणि भंतेंना कुठे जायचं असलं की दुकान बंद करून स्वतः चालवायला येत असे. या सेवेचा त्याला अभिमान होता. आपल्याला अभिमान नाही, याचाही होता.

त्या दिवशी भंतेंना पिंपळटोल्याला जेवायला बोलावलं होतं. पिंपळटोला हे शालिकचंच गाव. पण तो कित्येक महिन्यांत तिकडे फिरकला नव्हता. निघायला अजून अवकाश होता, म्हणून तो खोका घेऊन लवकर आला होता.

भंतेंनी दोरा दाताने तोडला.

“एक दार उघडून बघ. मग बदल.”

शालिकने चालकाच्या दाराचं आतलं आवरण काढलं. मोटर बाहेर येताच जळका वास आला. आतली तार काळी पडली होती. त्याने ती भंतेंना नेऊन दाखवली, नवी बसवली आणि बटण दाबलं. दार टक करून उघडलं.

“पाहा जी,” तो म्हणाला.

“पाहिलं. आता दुसरं.”

उजव्या बाजूच्या मागच्या दाराशी तो गेला तो नवी मोटर हातात घेऊनच. भंते उठून त्याच्याजवळ येऊन उभे राहिले. याचं काय बिघडलं आहे, असं त्यांनी विचारलं. शालिक म्हणाला, तेच, मोटर गेली.

“बघितलीस?”

“बघाची काय गरज जी... त्याच वयाची हाये, त्याच गाडीची हाये.”

भंते तिथेच उभे राहिले.

शालिकने नाइलाजाने दार खोललं. मोटर सोडवली, तिला बॅटरीवरून दोन तारा लावल्या. मोटर भुर्रकन फिरली. त्याने तारा काढून पुन्हा लावल्या. मोटर तशीच फिरली, अगदी तरण्यासारखी.

दोष पुढे होता, दाराला धरून ठेवणाऱ्या खटक्यात. त्यातलं ग्रीस वर्षानुवर्षांची धूळ पिऊन डिंकासारखं घट्ट झालं होतं. मोटर बिचारी ढकलत होती, खटका हलत नव्हता. शालिकने पेट्रोलचा बोळा घेऊन तो खटका धुतला, ताजं ग्रीस बोटाने भरलं, सगळं होतं तसं जोडलं आणि बटण दाबलं.

टक.

त्याने नवी मोटर खोक्यात परत ठेवली.

“मोटर चांगली होती,” तो म्हणाला.

“तुझ्याकडे नवी होती. म्हणून जुनी बिघडली.”

शालिक तिसऱ्या दाराकडे वळला. त्याचंही दुखणं तेच निघालं. मोटर धडधाकट, खटका गच्च.

या दाराशी काम करताना भंतेंनी त्याला त्याच्या भावाबद्दल विचारलं.

इस्तारी त्याचा थोरला भाऊ. पिंपळटोल्यालाच असायचा, थोडी धानाची शेती करायचा आणि गावातल्या लहानशा विहाराची झाडलोट, दिवाबत्ती बघायचा. लहानपणापासून त्याची जीभ अडखळे. शब्दाच्या पहिल्या अक्षराशी तो असा अडायचा की ऐकणाऱ्याचाच जीव गुदमरे. शालिक त्याच्याहून चार वर्षांनी लहान, पण शाळेत मास्तरांपुढे, दुकानात, बसमध्ये, सगळीकडे तोच भावाचं वाक्य पुरं करायचा. त्यांची आई म्हणायची, शालिक म्हणजे इस्तारीची जीभ. शालिकला ते ऐकून फार बरं वाटे. आजही त्याने ते भंतेंना सांगितलं, तेव्हा त्याच्या आवाजात तेच बरं वाटणं होतं.

“मग आता का जात नाहीस त्याच्याकडे?”

शालिक खटका पुसत राहिला. मग हळूहळू सांगू लागला.

इस्तारीला एकच मुलगी, विशाखा. तिच्या लग्नाची बैठक त्यांच्याच ओट्यावर झाली होती. स्थळ शालिकनेच आणलं होतं. पाहुण्यांमधल्या म्हाताऱ्याने इस्तारीला विचारलं, तुमचं म्हणणं काय? इस्तारी उभा राहिला. सगळे त्याच्या तोंडाकडे पाहायला लागले. मग साखर वाटली गेली आणि लग्न ठरलं.

दोन वर्षांत विशाखा परत आली. नवरा पितो, हात उगारतो, असं गावातल्या बाया बोलू लागल्या. ती स्वतः काहीच बोलत नव्हती. आणि तेव्हापासून इस्तारीही शालिकशी बोलायचा बंद झाला.

शालिकचं म्हणणं होतं की यात त्याचा दोष नाही. मुलगा पुढे असा निघेल हे कोणाला माहीत होतं? आणि भावाला कबूल नव्हतं तर त्याने तेव्हाच तसं म्हणायचं होतं.

“भाऊ काय म्हणाला होता?” भंतेंनी विचारलं.

“पोरगा पसंत हाये, म्हणे.”

“तो म्हणाला?”

शालिकचा हात थांबला.

“तो ‘पो’ म्हणाला जी... बाकीचं मी म्हणालो.”

नदीवरून वारा येत होता. पायरीवर ठेवलेल्या चिवराची कड हलली. भंते बोलत नाहीत हे पाहून शालिक भराभरा बोलू लागला.

आपण हा पेच आता सोडवला आहे, असं त्याने सांगितलं. सासरच्यांशी तो स्वतः जाऊन बोलला. मुलाच्या बापाकडून शब्द घेतला. येत्या रविवारी चार माणसं घेऊन ते पिंपळटोल्याला येणार आहेत आणि विशाखाला घेऊन जाणार आहेत. पोरगी किती दिवस बापाच्या घरी राहील?

“मी त्याह्यले सांगून देलं, येते म्हणून.”

“विशाखा येते म्हणाली?”

“नाही कायले म्हणन जी... काका हाये मी तिचा.”

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं. रागाने नाही. नुसतं पाहिलं.

शालिकने मान खाली घालून दाराचं आवरण बसवलं. स्क्रू घट्ट केले. आता डाव्या बाजूचं मागचं दार तेवढं राहिलं होतं. तो पाना घेऊन तिकडे वळला, तेव्हा भंते चिवर सावरून उभे होते.

“राहू दे. निघायची वेळ झाली.”

“पाच मिनिटाचं काम हाये जी.”

“राहू दे.”

भंते आपल्या नेहमीच्या जागी, त्याच दाराने आत बसले.

वाटेत धानाची कापणी होऊन गेली होती. बांधांवर तणसाच्या पेंढ्यांचे ढीग होते. पिंपळटोला जवळ आला तसा शालिक म्हणाला की तो गाडीजवळच थांबेल, गावात येणार नाही, टायर बघायचे आहेत. भंतेंनी खिडकीबाहेर पाहत हुंकार दिला.

गावात गाडी जाणारच नव्हती. नळाच्या पाइपासाठी रस्ता खणून ठेवला होता. वेशीपाशी, खणलेल्या मातीच्या अलीकडे, भंतेंना घ्यायला एक माणूस उभा होता. पांढरा सदरा, पांढरं धोतर, हातात झेंडूच्या फुलांचं ताट.

तो इस्तारी होता.

शालिकने गाडी थांबवली. बंद मात्र केली नाही.

इस्तारी गाडीच्या डावीकडे आला. भंतेंच्या दाराशी उभा राहिला. काच खाली होती. त्याने ताट गाडीच्या टपावर ठेवून हात जोडले, वाकला आणि मग दार उघडण्यासाठी कडी धरून थांबला.

शालिकने बटण दाबलं. तीन दारं एकदम बोलली.

चौथ्यातून घरघर आली.

शालिकने पुन्हा दाबलं. घरघर मध्येच तुटली. पुन्हा दाबलं. आता काहीच आवाज येईना.

इस्तारीने कडी ओढून पाहिली. दार हललं नाही. भंते आत असताना दारापासून निघून जाणं बरं नव्हतं. तो तिथेच उभा राहिला. समोर बघितलं असतं तर शालिक दिसला असता, म्हणून तो कडीकडे बघत राहिला.

शालिक आरशात बघत म्हणाला, “भंतेजी, आतून खुंटी वर ओढा ना. हातानं उघडते.”

भंतेंचे हात मांडीवरच होते.

शालिकचं बोट पुन्हा बटणाकडे गेलं.

“दाबू नकोस,” भंते म्हणाले.

त्याने बोट मागे घेतलं. गाडी बंद केली.

आता काहीच आवाज उरला नाही. दूर कुठे तरी मातीत फावडं आपटत होतं. इस्तारी दाराशी, भंते आत, शालिक स्टिअरिंगमागे. कोणालाच कुठे जाता येत नव्हतं.

...

“शा... शालिक,” इस्तारी म्हणाला.

किती महिन्यांनी त्याने हे नाव घेतलं होतं. शालिकने मान वळवली. भाऊ म्हातारा दिसत होता. गालावरचे दाढीचे खुंट सगळे पांढरे झाले होते.

“त्या... त्या दिवशी मी... पो...”

इस्तारीच्या गळ्याच्या शिरा ताणल्या. ओठ एकमेकांवर दाबले गेले. डोळे मिटले.

“पो... पो...”

शालिकचं तोंड उघडलं. शब्द त्याच्या जिभेवर तयारच होता. कोणता, ते त्यालाही कळलं नव्हतं, पण तयार होता. इतक्यात मागून भंतेंचा तळवा त्याच्या खांद्यावर आला. जोर नव्हता. नुसता तळवा.

शालिकचं तोंड तसंच उघडं राहिलं.

“पो... पोरीले विचारा... म्हणत होतो.”

फावड्याचा आवाज थांबला. मग पुन्हा सुरू झाला.

इस्तारीच्या कपाळावर घाम आला होता. त्याने तो सदऱ्याच्या बाहीने पुसला. शालिकला वाटलं, झालं. पण त्याचं झालं नव्हतं. एवढ्या वर्षांत त्याचं कधी झालेलंच नव्हतं.

“आताही... ती... ती घ...”

घरी ये म्हणते, शालिकच्या मनात आलं. घरीच राहीन म्हणते. घटस्फोट मागते. एकामागून एक शब्द त्याच्या मनात येऊन उभे राहिले आणि त्यातला एकही त्याने उच्चारला नाही. खांद्यावरचा हात केव्हाच निघून गेला होता.

“घ... घ... घाबरते.”

इस्तारीने पहिल्यांदा शालिकच्या डोळ्यांत पाहिलं.

“तुले.”

शालिकने मान खाली घातली. हात अजून ग्रीसने काळे होते. त्याला आठवलं, ही पोरगी लहान असताना त्याच्या सायकलच्या दांडीवर बसून सगळ्या गावाला हाका मारीत जायची. शेवटची भेट झाली तेव्हा तो ओट्यावर आला आणि ती उठून आत गेली होती. त्याला वाटलं होतं, मान ठेवते काकाचा.

त्याने घाईघाईने खिशातून फोन काढला.

“मी आत्ताच सांगतो त्याह्यले. रविवारी येऊ नका म्हणून. एका मिनटात...”

त्याने नंबर काढला. अंगठा त्या नावावर गेला.

इस्तारी नुसता उभा होता. मागे भंते बसले होते. शालिकचा अंगठा तिथेच राहिला. काचेवरचा उजेड विझला, फोन काळा झाला.

त्याने तो आसनावर ठेवला.

“भाऊ...” तो म्हणाला. पुढचे शब्द त्याला सापडेनात. थांबून त्याने पुन्हा सुरुवात केली. “भाऊ... तिले... तिले विचारू का?”

इस्तारी वाट पाहत होता. शालिक बोलून पुरता मोकळा झाला, हे कळेपर्यंत त्याने वाट पाहिली. तशी वाट कशी पाहायची, हे त्या दोघांत त्यालाच येत होतं.

“वि... विचार,” तो म्हणाला. “पण ती... लवकर बोलत नाही. वे... वेळ लागन.”

“लागू दे.”

तेव्हा मागे हलकासा आवाज झाला. भंतेंनी दाराची खुंटी दोन बोटांनी धरून वर ओढली होती. दार सहज उघडलं.

शालिक त्या खुंटीकडे पाहत राहिला. मग भंतेंकडे पाहिलं. भंते चिवर सावरत खाली उतरत होते.

इस्तारी गडबडला. त्याने टपावरचं ताट उचललं आणि खणलेल्या मातीतून वाट दाखवायला पुढे झाला. शालिकही घाईने खाली उतरला. गावात जेवण मांडून लोक खोळंबले असणार, भंतेंना पोचवायला हवं. विशाखाकडे मग, सगळं आटोपल्यावर जाऊ. त्याने तसं म्हटलंही, की आधी तुमचं जेवण होऊ द्या भंतेजी, आमचं काय, नंतर बघू.

भंतेंनी इस्तारीच्या हातातलं फुलांचं ताट स्वतःकडे घेतलं. दोघा भावांना तिथेच राहण्याची खूण केली आणि मातीच्या ढिगाऱ्यावरून एकटेच चालू लागले. चार पावलं गेल्यावर थांबले. मागे वळून म्हणाले,

“बाराच्या आत जेवायचं बंधन भिक्खूला आहे... तुम्हा दोघांना नाही.”